आजोबांचा ‘आय’

‘मैलाचा दगड ठरला’ हे शब्द मी आजवर किती वेळा टाइप केलेत, याची गणतीच नाही. कंटेंट रायटरचं कामच ते! कुणाचा सिनेमा, कुणाची कंपनी, कुणाचं पुस्तक, मागेल त्याला मी मैलाचा दगड वाटत आलेय. पण ‘खराखुरा मैलाचा दगड पाहिलायस का कधी?’ असं कुणी विचारलं असतं, तर मी सरळ ‘नाही’ म्हटलं असतं. आणि ते खोटं ठरलं असतं, कारण लहानपणी मी एका मैलाच्या दगडावर चक्क उभी राहिलेय.

माझे आजोबा मुंबईत काळबादेवीच्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायचे. डोंबिवलीहून गाडीने बोरीबंदर (व्हीटी हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही) आणि तिथून पायी. दिवाळीच्या आधी कपडे घ्यायला ते मलाही सोबत न्यायचे. वाटेत फुटपाथमधून वीतभर डोकं वर काढलेला एक काळपट दगड होता. त्यावर पिशवी टेकवून आजोबा दम खायचे आणि मी पिशवी बाजूला सारून वर चढायचे.

एकदा ते म्हणाले, “तू इंग्रजी शाळेत जातेस ना? बघ तरी, काय लिहिलंय यावर.” दगडावर धूळ, पानाच्या पिचकाऱ्या आणि अर्धी अक्षरं जमिनीत गाडलेली. वरचं एकच अक्षर मला लागलं. “आय,” मी म्हटलं, “आय म्हणजे मी.” आजोबा हसले. “दगड म्हणतोय, मी? बरं, मग पुढे काय म्हणतोय?” मला भूक लागली होती. मी त्यांचा हात ओढला आणि विषय तिथेच संपला.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजोबा गेले. पुढे मी इंग्रजी घेऊन बीए झाले, जाडजाड कवी वाचले. तो दगड मात्र वाचायचा राहिला तो राहिलाच.

गेल्या वर्षी कामासाठी मुंबईतल्या जुन्या पाट्यांची माहिती शोधत होते, तेव्हा एक फोटो समोर आला आणि मी स्क्रीनकडे बघतच राहिले. तो ‘आय’ नव्हताच! तो रोमन आकडा होता, एक. सेंट थॉमस चर्चपासून १ मैल.

इंग्रजांच्या काळात मुंबईतली अंतरं फोर्टमधल्या या चर्चपासून मोजत. १७१८ च्या नाताळात ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. तिथून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यांवर मैलामैलाला दगड रोवले गेले. या दगडांचं वय ओळखायची एक गंमत आहे. १८३७ मध्ये या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला, पण दगडांवर नुसतं ‘चर्च’ असं कोरलंय. म्हणजे दगड त्याआधीचे! पुढे रस्त्यांवर थरावर थर चढत गेले आणि दगड होते तिथेच गाडले गेले. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापं आली, मैलाच्या जागी किलोमीटर आले, मग तर त्यांना कुणी विचारेना. अलीकडे महापालिकेने त्यातले काही दगड साफसूफ करून पुन्हा नीट उभे केलेत.

एका रविवारी मी तो एक मैल चालून बघायचं ठरवलं. दगडापासून चर्चपर्यंत, म्हणजे साधारण १.६ किलोमीटर. प्रत्यक्षात किती भरलं ते विचारू नका, मी दोनदा रस्ता चुकले. आधी धोबीतलाव लागला. नावात तलाव आहे, पण पाणी म्हणाल तर आता फक्त बाटलीतलं. मग हुतात्मा चौक. तिथल्या फ्लोरा फाउंटनपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले, कारण चर्चगेट या नावाचं कोडं मला तिथे सुटलं. मी तीन वर्षं चर्चगेट स्टेशनवर उतरून ऑफिसला जायचे. तिथे चर्च दिसत नाही आणि गेटही नाही. तर पूर्वी फोर्टला तटबंदी होती आणि या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तिचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडले, दरवाजाही गेला आणि त्याच जागी १८६४ मध्ये कारंजं उभं राहिलं. नाव मात्र तिथून बरंच लांब असलेल्या स्टेशनला चिकटलं ते आजपर्यंत. आता चर्चगेट स्टेशनला उतरून सरळ कारंज्यापर्यंत चालत या आणि तसेच पुढे जा, चर्च समोर येतंच. इतकी वर्षं मी उलट्या दिशेला तोंड करून ते शोधत होते!

तुम्ही मुंबईत नसाल तरी हरकत नाही. दिल्ली, हरियाणा, पंजाबकडे असाल तर मुघलांच्या काळातले कोसमिनार तुमच्या आसपास असतील, तेही अंतर सांगणारेच, फक्त कोसात. बाकी कुठे असाल तर बाजारातल्या जुन्या इमारतीवरचं साल वाचा, बंद पडलेल्या दुकानाची पाटी वाचा. आणि घरात कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना सोबत न्या. उशीर करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

चर्चच्या पायरीवरून मी आईला दगडाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “सेंट थॉमस चर्चपासून १ मैल.”

पाच मिनिटांनी तिचा फोन आला. “अगं, हा दगड होय! बाबा घरी येऊन सगळ्यांना सांगायचे, माझ्या नातीने वाचला म्हणून.”

“काय वाचला म्हणायचे?”

“म्हणायचे, दगड म्हणतो, मी.”