पलटणीचा पहिला करंडक

नारायणगाव, २ मार्च २०२४

ती. आप्पा,

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आहे, पण स्टँडाबाहेरच्या टपरीवर आज भाव कबड्डीला. काल रात्री हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवलं आणि प्रो कबड्डीचा करंडक पहिल्यांदा पुण्याकडे आला. लीग सुरू झाली २०१४ साली. यू मुम्बाने २०१५मध्येच बाजी मारली होती. पुणेकरांना दहाव्या हंगामापर्यंत थांबावं लागलं.

मोबाइलवर एकच चढाई फिरतेय. मध्यंतर तोंडावर आलेलं, पंकज मोहिते आत शिरला आणि एका चढाईत चार गुण घेऊन परतला. मध्यंतराला १३-१०. तीन गुणांचं ते अंतर शेवटीही तेवढंच राहिलं. महिनाभरात इथे तमाशाच्या राहुट्या लागतील, गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतील. तूर्त टपरीवरचे सगळे ‘पंक्या’वर खूश आहेत.

जुन्नर, ३ मार्च

इकडे मात्र कौल कर्णधाराला. अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. म्हणजे आपल्या शेजारचाच, असा हिशेब. तो आणि आकाश शिंदे गेल्या ऑक्टोबरात हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होते.

खरं तर या संघाचा पाया पराभवात आहे. डिसेंबर २०२२मध्ये मुंबईत फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखाली पलटण अंतिम फेरीत जयपूरकडून २९-३३ अशी हरली. त्यानंतर फझल दुसऱ्या संघात गेला, पण चढाईची तरुण फळी संघाने सोडली नाही. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी २०१९मध्ये बंगालला विजेतं केलेलं. त्यांनी एकट्या हिरोवर भिस्त ठेवली नाही. म्हणून यंदा साखळीतल्या २२ सामन्यांत १७ विजय, फक्त २ पराभव. उपांत्य फेरीत पाटण्याला ३७-२१ असं लोळवलं. इथल्या मंडळींना हे आकडे तोंडपाठ आहेत. शिवनेरीच्या पायऱ्यांचा आकडा विचारला तर मात्र दोघांची तीन उत्तरं.

घोडेगाव, ४ मार्च

आंबेगाव तालुक्यात विषय बैलगाड्याचा. सर्वोच्च न्यायालयाने गेल्या मे महिन्यात शर्यतींवर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून शर्यतींचे घाट पुन्हा गजबजलेत. तिथे सेकंदावर बारी ठरते, कबड्डीत तीस सेकंदांत चढाई. घड्याळाशी खेळणं या मुलखाला नवं नाही.

पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईला लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले. ‘एवढ्यात घाट मारणारी किती बैलं आली असती!’ असं एक पागोटेवाले आजोबा म्हणाले. पण पोरगा हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरल्याचं कळल्यावर त्यांनीच निकाल दिला: ‘मग फुकटात पडला.’

संध्याकाळी मैदानात फक्कीच्या रेषा आखून पोरं खेळत होती. मॅट नाही, बूट नाहीत. डाव्या कोपऱ्यातला बारका गडी चढाईवाल्याचा घोटा धरून पालथा पडला, तोंडात माती गेली तरी पकड सोडली नाही. पंचांनी गुण दिला, त्यावर दहा मिनिटं वाद झाला आणि अंधार पडल्यावर डाव तसाच मोडला.

उद्या डिंभ्यावरून भीमाशंकर. वर रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा आईला काळजी करू नये म्हणावं.