मौद्याच्या रस्त्यावरचा हिरवा बोर्ड

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघाले की सुमारे ३५ किलोमीटरवर मौदा लागते. गावाजवळून कन्हान वाहते, दोन्ही बाजूंना धानाची बांधी आणि दूरवर एनटीपीसीच्या वीजकेंद्राची धुराडी. २३२० मेगावॅटचे हे केंद्र आले, ट्रकची रांग वाढली आणि महामार्गाच्या कडेला हॉटेलेही वाढली. रायपूर-कोलकात्याकडे जाणारे ड्रायव्हर, कंत्राटी मजूर, ताजबागच्या जियारतीहून परतणारी कुटुंबे, सगळी इथे थांबतात. काही हॉटेलांवर हिरव्या अक्षरांत ‘हलाल’ लिहिलेले दिसते. आपल्या लोकांची गाडी अशाच बोर्डापुढे उभी राहते. उन्हाळ्यात आम्हीही अशाच एका हॉटेलात थांबलो.

पुढचा भाग चकाचक होता. काचेचे टेबल, कूलर, भिंतीवर सुरेख खत्तातीतली आयत. असरची वेळ झाली होती, म्हणून वजूसाठी आम्ही मागच्या नळाकडे गेलो. नळ कोरडा. मोरीवर एक मुलगा घमेल्यातल्या पाण्यात ताटे बुडवून बाहेर काढत होता. पाण्यावर तेलाचा जाड थर होता. तीच ताटे तो खांद्यावरच्या फडक्याने पुसत होता, आणि त्याच फडक्याने अधूनमधून स्वतःचा घामही.

“पाणी बदलत नाहीस का रे?”

“मोटर बंद आहे चाचा. मालक दोनदाच लावतात, बिल येते म्हणून.”

वीजकेंद्राची धुराडी तिथून स्पष्ट दिसत होती.

भटारखान्यात कढईतले तेल डांबरासारखे काळे झालेले. तळणाच्या तेलात पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, असा नियम आहे; पण इथे नियम मोजायला यंत्राची गरज नव्हती, वासच पुरेसा होता. तंदूरवाल्याच्या मनगटावर भाजल्याचा फोड होता, त्यावर हळद लावून चिंधी बांधलेली. बाहेर मे महिन्याचे ऊन, आत भट्टी, आणि पंखा नाही, कारण वाऱ्याने आच बिघडते. सकाळी दहापासून तो उभा होता. जेवण चारनंतर, उरलेसुरले. रात्री झोपायचे कुठे? त्याने कांद्याच्या पोत्यांकडे बोट दाखवले. शेजारीच गॅसच्या टाक्या होत्या. संडासात साबण नव्हता. पाणीच नाही, तर साबणाचे काय करणार? अशा माणसाला ‘हात स्वच्छ ठेव’ म्हणणे ही थट्टाच आहे.

मोरीवरच्या मुलाला वय विचारले. “अठरा,” तो तत्काळ म्हणाला. शाळेत रोज आठवी-नववीची मुले पाहणाऱ्या आमच्या नजरेला तो तेराच्या पुढचा वाटला नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांत कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. म्हणूनच ते ‘अठरा’ इतके पाठ होते.

कुरआनात हलालच्या जोडीने तय्यब हा शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगले, निर्मळ. आपण मात्र जबिहा कोणी केला एवढे विचारतो आणि थांबतो. ताट कशात धुतले, धुणाऱ्याने दुपारी काय खाल्ले, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. मजुरीबद्दलची हदीस तर आपल्या मदरशांतल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असते.

जेवण न मागवताच आम्ही गल्ल्यावर गेलो. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक ग्राहकाला दिसेल असा लावावा लागतो. तो कुठे आहे, असे विचारले. मालक सलाम करून हसले. “भाईजान, तुम्ही पहिले आहात मागे जाणारे. गिऱ्हाईक पुढून येते, पुढूनच जाते.” मग मुलाच्या वयाचा विषय काढला, तेव्हा हसणे थांबले. “गरिबाचे पोर आहे, दोन घास खाते इथे. काढून टाकू का?” प्रश्न साधा नव्हता. त्याला काढून टाकले, तर तो पुढच्या ढाब्यावर जाईल. आम्ही म्हणालो, त्याच्या घरच्यांना बोलवा, शाळेत नाव घालायची जबाबदारी आम्ही घेतो. त्यांनी उत्तर दिले नाही. पोऱ्याला हाक मारून मोटर तेवढी सुरू करायला लावली.

मुलासाठी आम्ही १०९८ वर फोन केला. तेलाची, पाण्याची आणि परवान्याची तक्रार नागपूरच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी पाठवली. पोच मिळाली आहे.