पोटखराब

माडबनचा सडा आम्ही दोघांनी प्रथम पाहिला तो काही वर्षांपूर्वीच्या एका नोव्हेंबरात. यवतमाळहून कोकणात गेलेल्या माणसाची नजर आधी समुद्र शोधते; आम्हाला मात्र पायांखालच्या जांभ्या दगडानेच अडविले. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जमीन बहुतांशी ओसाड आहे, असे वाचून आम्ही गेलो होतो. सड्यावर गवत कापून ठेवलेले होते, गुरे चरत होती. सोबतचे वृद्ध गृहस्थ एवढेच म्हणाले, "सर, पावसाळ्यात या हो. मग सांगा, ओसाड कुठे ते."

प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट वीज, सुमारे ९३८ हेक्टर जमीन. मार्च २०११मध्ये फुकुशिमा घडले. एप्रिलमध्ये साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. २०१३मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेला आणि अनेकांनी तो स्वीकारला. भट्ट्यांचे बांधकाम मात्र अद्याप सुरू झालेले नाही.

विजेला विरोध करण्याचा अधिकार आम्हाला नाही. भारनियमनाच्या काळात कंदिलापाशी बसून उत्तरपत्रिका तपासलेले आम्ही. वणीचा कोळसा आमच्याच जिल्ह्यातून वीजकेंद्रांकडे जातो आणि आमचा शेतकरी कपाशीला पाणी द्यायला मध्यरात्री उठतो, हेही आम्ही पाहतो. कुणाला तरी किंमत मोजावी लागणार, हे खरे. पण किंमत ठरण्याआधी एक शब्द ठरतो, हे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना उशिरा उमगले.

आमच्यापैकी एकाच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर तो शब्द होता : पोटखराब. बरडावरचा तो तुकडा. तिथे पळस होता, शेळ्या चरत, उन्हाळ्यात तेंदूपाने मिळत. पोटखराबावर सारा बसत नाही म्हणून वडील त्या शब्दावर खूश असत. पुढे एका धरणासाठी शेत गेले तेव्हा त्याच शब्दाने त्या तुकड्याचे मोल ठरविले. तक्रार कुणाकडे करणार? तो शब्द आम्हीही इतकी वर्षे सोयीने वापरलाच होता.

'अणुऊर्जा : शाप की वरदान?' हा निबंध आम्ही वर्षानुवर्षे परीक्षेत घातला आणि दोन्ही बाजू नेटकेपणे मांडणाऱ्यांना भरघोस गुण दिले. माडबनहून परतल्यावर विषय बदलला : 'आमच्या गावातील पडीक जमीन'. एका विद्यार्थिनीने फक्त यादी लिहिली. मोह, टेंभुर्णी, सरपण, आजोबांची समाधी, दोन वाटा. निबंधाचे कोणतेच लक्षण त्यात नव्हते. किती गुण द्यावेत यावर आमचे दोघांचे एकमत झाले नाही. पण ती उत्तरपत्रिका रद्दीत द्यायची नाही, यावर झाले.