आयेची दाढ आणि आयुष्यभराची कॅप

आमच्या आयेची खालची दाढ किडली तेव्हा रत्नागिरीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी मूळ साफ करून वर कॅप बसवायला सांगितले. धातूची कॅप स्वस्त, झिरकोनियाची महाग. "मावशी, ही दगडासारखी. आयुष्यभर टिकेल," असे ते म्हणाले. पावसाआधी कौले बदलायला ठेवलेले पैसे आम्ही त्यांना दिले. त्या पावसाळ्यात पडवीत पातेली मांडून दिवस काढले. पण आये पुन्हा चणे चावू लागली, याचे समाधान मोठे होते.

सहाव्या वर्षी भाकरी खाताना कॅपचा तुकडा तिच्या हातात आला. बिचारीने दोष स्वतःच्या मिश्रीलाच दिला. आम्हाला मात्र ते पटेना. दगडही म्हातारा होतो काय? आम्ही विचारपूस केली, वाचले.

झिरकोनिया म्हणजे झिरकोनियम धातूचे ऑक्साइड. क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १७८९ साली शोधले. ते ज्यापासून मिळते ती झिरकॉनची वाळू आपल्या देशात केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर काढतात.

या पदार्थाचे बळ त्याच्या कणांच्या ठेवणीत असते. भट्टीतली ठेवण थंड झाल्यावरही टिकावी म्हणून त्यात थोडे इट्रिया मिसळतात. कुठे भेग पडू लागली की तिच्या टोकाजवळचे कण ठेवण बदलून सुमारे ४ टक्के फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. पण तोंडात रात्रंदिवस लाळेचा ओलावा! पाण्यामुळे वरच्या थरातले कण भेग नसतानाच फुगतात, शेजारच्या कणांना ढकलतात आणि बारीक तडे जातात. त्या तड्यांतून पाणी आणखी आत जाते. हेच झिरकोनियाचे म्हातारपण. जपानी संशोधकांनी ते १९८१ साली दाखवून दिले. पुढे २००१ साली फ्रान्समधल्या एका कंपनीचे खुब्यात बसवलेले झिरकोनियाचे गोळे रुग्णांच्या शरीरातच फुटले आणि माल परत घ्यावा लागला. भाजण्याच्या भट्टीत केलेला बदल त्याला कारण ठरला.

दाताच्या कॅपचे म्हातारपण मात्र सावकाश येते. नीट बनवलेली कॅप त्यानंतरही चावण्यापुरती बळकट राहते. मग आयेची का फुटली? दुसऱ्या डॉक्टरांनी तुकडा भिंगाखाली पाहिला. दात वरच्या दाताला लागत होता म्हणून कॅप बसवताना ती घासली होती, पण पुन्हा गुळगुळीत केली नव्हती. त्या खरखरीत जागेतूनच तडा गेला होता.

बंधुभगिनींनो, कॅप बसवताना विचारायला लाजू नका. पदार्थ कोणता? दाढेसाठी की पुढच्या दातासाठी? जास्त इट्रियाची पारदर्शक कॅप ओलाव्याने फारशी झिजत नाही, पण मुळात कमी बळकट असते. घासल्यावर पॉलिश करणार का? वॉरंटी लिहून देणार का? आपले पैसे घामाचे आहेत, तेव्हा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

आयेने या वेळी धातूची कॅप बसवली. "हसताना दाढ कोण बघतंय?" म्हणाली. उरलेल्या पैशांत कौलेही बदलली.