तीन खिळ्यांचा साक्षीदार

तो येतो तेव्हा कुणाचंच लक्ष जात नाही. पत्र्याचं कुंपण उभं राहतं, पोकलेन येतं, त्याच्या हाताला ब्रेकर लागतो, आणि गल्लीतल्या सगळ्या नजरा त्या धुडावर खिळतात. हा मात्र कुणाच्या तरी पाठपिशवीतून येतो. ओंजळीत मावेल असा धातूचा जड गोल, खाली तीन टोकदार खिळे, वर कोरलेला एक बाण आणि मागे केबल. याचं नाव जिओफोन. जमिनीची थरथर मोजणं एवढंच याचं काम.

बंगळूरच्या महादेवपुऱ्यात याला काम भरपूर आहे. कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड ही मेट्रो २५ मार्च २०२३ ला सुरू झाली. सिल्क बोर्डकडून आउटर रिंग रोडवरून कृष्णराजपुऱ्याला येणारा निळा मार्गही याच भागातून खांबांवर उभा राहतोय. त्यांच्या आसपास काचेची ऑफिसं, त्यांच्याखाली तीन-तीन, चार-चार मजली बेसमेंटं. आणि या सगळ्याला खेटून हूडी, गरुडाचारपाळ्या, सीतारामपाळ्या या मूळच्या गावांतली विटांच्या भिंतींची घरं, तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर चढवलेले पीजीचे मजले. वर लाल माती, तिच्याखाली झिजलेला खडक, आणि त्याखाली नीस. लालबागेतल्या टेकडीवर उघडा दिसतो तोच हा, सुमारे ३०० कोटी वर्षांचा खडक. बेसमेंट हवं तर त्याला फोडावंच लागतं. ब्रेकरचा छिन्नीसारखा दांडा त्यावर आदळतो, तेव्हा आवाज हवेतून जातो आणि हादरा खडकातून शेजाऱ्याच्या पायाशी पोचतो. तिथे हा बसलेला असायला हवा.

याला बसवणं हे नाजूक काम आहे. हूडीजवळच्या एका जुन्या घराशी ते मी जवळून पाहिलं. तंत्रज्ञ पोरगा आधी उकिडवा बसून भिंतीलगतची भुसभुशीत माती खरवडतो, घट्ट थर लागला की तिन्ही खिळे तळव्याने दाबून आत उतरवतो, पातळी बघतो, बाण कामाच्या दिशेला वळवतो आणि वर वाळूची पिशवी ठेवतो. काँक्रीट असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवतो. एवढा सोपस्कार का, तर हा ढिला राहिला की जमिनीचं कंपन सोडून स्वतःचंच डुगडुगणं नोंदवतो, आणि मग त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. जागाही तितकीच महत्त्वाची. साइटच्या गेटपाशी बसवलेला जिओफोन शेजारच्या घराबद्दल काय सांगणार? तो त्या घराच्या पायाशीच हवा, कामाकडे तोंड असलेल्या बाजूला.

आत एक चुंबक आणि स्प्रिंगवर तोललेलं तारेचं वेटोळं. जमीन हलली की चुंबक तिच्याबरोबर हलतो, वेटोळं मात्र जागच्या जागी राहू पाहतं. या ओढाताणीत किंचित वीज निर्माण होते, आणि ती कंपनाच्या वेगाच्या प्रमाणात असते. आत असे तीन संच असतात: एक उभ्या हालचालीसाठी, एक कामाच्या दिशेतल्या, एक तिला आडव्या दिशेतल्या हालचालीसाठी. ठरवलेल्या पातळीखाली सगळं शांत असलं तर हा गप्प असतो. पातळी ओलांडली की दोन गोष्टी लिहून ठेवतो: मातीच्या कणाचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला किती मिलिमीटर, आणि कंपन सेकंदाला किती वेळा.

दुसरा आकडा बहुतेक लोक वाचतच नाहीत. मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक सुरुंगांच्या हादऱ्यांसाठी आहे, पण शहरातल्या कामांतही त्याचा आधार घेतला जातो. त्यात परक्याच्या साध्या घराला ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, आणि त्यावर १५ अशी मर्यादा आहे. ऐतिहासिक वास्तूंना तर अनुक्रमे २, ५ आणि १०. संथ कंपनाला कमी मुभा, कारण घराचं स्वतःचं डोलणंही संथच असतं. दोघांचा ठेका जुळला की लहानसा हादराही घरात शिरून वाढतो. रस्ता दाबणारा व्हायब्रेटिंग रोलर म्हणूनच सुरू होताना आणि बंद होताना जास्त धोक्याचा. पूर्ण वेगात तो घराच्या ठेक्याच्या बराच वर असतो. वेग चढता-उतरताना मात्र नेमका त्या ठेक्यातून जातो.

माणसाला सेकंदाला ०.३ मिलिमीटरच्या आसपासही हादरा जाणवतो. घराची मर्यादा याच्या कितीतरी वर. मधल्या मोठ्या पट्ट्यात घर सुरक्षित असतं आणि घरातलं माणूस घाबरलेलं. भांडी खणखणतात, तान्हं मूल दचकून उठतं, आणि ठेकेदार म्हणतो, ‘काही होत नाही’. त्याचं म्हणणं खरं असेलही, पण कागद दाखवल्याशिवाय त्यावर कुणी का विश्वास ठेवावा? त्या हूडीच्या घरातल्या अज्जींनी तो कागद हातात घेतला, आकड्याखाली बोट ठेवलं आणि ‘एष्टु?’, म्हणजे ‘किती?’, असं विचारलं. मर्यादा किती, आपल्या घराशी किती आलं, हे त्या तंत्रज्ञ पोराकडून नीट समजून घेतल्यावरच त्यांनी तो परत दिला. मापाचा तो हक्क त्यांचाच होता.

हे उपकरण खानदानी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, तो भूकंप नोंदवणारी यंत्रं याच्याच कुळातली. बंगळूरच्या उत्तरेला गौरीबिदनूरला १९६५ पासून जमिनीची स्पंदनं टिपणारी मोठी मांडणी आहे. इथून पूर्वेला कोलारच्या सोन्याच्या खाणींत तीन किलोमीटरहून खोल खडक ताणाखाली फुटायचे आणि वरची घरं हादरायची. त्या कोलारमध्येच १९८८ साली राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था सुरू झाली. खडक फोडताना आसपासचं काय सांभाळायचं, हे ज्ञान महादेवपुऱ्याला दुरून आणावं लागत नाही.

पण याला सगळं दिसत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. शेजाऱ्याच्या भिंतीलगत सरळसोट कापलेली लाल माती पावसात हळूहळू खचते, किंवा खड्ड्यातलं पाणी उपसल्याने जमीन बसते. तेव्हा हादरा एकही नसतो, आणि तरी भिंत फाटते. हा शून्य दाखवत राहतो. म्हणून त्याच्या जोडीला भेगेवर चिकटवलेली, तारीख टाकलेली काचपट्टी लागते, पातळी मोजणाऱ्या खुणा लागतात, आणि काम सुरू होण्याआधी काढलेले घराच्या प्रत्येक भिंतीचे फोटो लागतात. मुंबईत २०१७ च्या ऑगस्टमध्ये, मेट्रो तीनचं काम सुरू असताना, फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या दगडी शिखराचा तुकडा कोसळला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथलं काम काही काळ थांबलं. जुन्या इमारतीशेजारी आधीची नोंद किती लागते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आकडा चढला तर उपाय आहेत. ब्रेकर लहान लावता येतो. हद्दीलगत ओळीने भोकं पाडून खडक वेगळा करता येतो. भोकांत फुगणारी पावडर भरली तर तो रात्रीत, न हादरता चिरतो. सुरुंगच लावायचा तर दर वेळी कमी दारू आणि भोकाभोकांत क्षणांचं अंतर. यातलं काहीच महाग म्हणून टाळण्यासारखं नाही. शेजारच्या घराची दुरुस्ती आणि कोर्टाच्या फेऱ्या त्याहून महाग पडतात.

तुमच्या शेजारी पत्र्याचं कुंपण लागलं तर ब्रेकरचा पहिला ठोका पडण्याआधी साइटवर जा. जिओफोन कुठे बसणार ते विचारा, आणि तो आपल्या घराच्या पायाशी बसवायला लावा. घरातल्या सगळ्या भेगांचे तारखेसकट फोटो दोघांच्या सह्यांनी ठेवा. आणि रोजच्या नोंदीची प्रत, दोन्ही आकड्यांसकट, मागून घ्या.