एक सूत्र, अनेक वाटा

संवादी लघुकथेत ठरावीक वळणावर वाचक पात्राच्या वतीने निर्णय घेतो आणि कथा त्या वाटेने पुढे जाते. लिहिणाऱ्याला सर्वांत जड जाते ते वाटा आवरणे. प्रत्येक वळणावर दोनच पर्याय ठेवले आणि वाटा कुठेच जुळू दिल्या नाहीत, तरी पाच वळणांनंतर ३२ शेवट होतात, दहांनंतर १०२४. त्यामुळे अटी आधीच घालून घ्याव्या लागतात.

अटीत राहून रचना करणे मराठी मुलखाला नवे नाही. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या झगड्यात कलगीवाले शक्तीची बाजू घेत, तुरेवाले शिवाची. एकाने गाण्यातून सवाल टाकला की दुसऱ्याने श्रोत्यांसमोर गाण्यातूनच जवाब द्यायचा. नगर जिल्ह्यात तर ही माती कसलेली आहे: शाहीर अनंत फंदी संगमनेरचे, शाहीर पठ्ठे बापूरावांच्या तमाशातली नर्तकी पवळा त्याच तालुक्यातल्या हिवरगावची. तिकडे फ्रान्समध्ये रेमों केनो या लेखकाने १९६७ साली वाचकाला पावलोपावली विचारत नेणारी तीन वाटाण्यांची छोटी गोष्ट लिहिली.

अनेकांनी अशा कथा लिहायच्या तर आधी सामाईक सूत्र ठरवावे, म्हणजे सर्व लेखकांना दिलेला एकच प्रसंग. उदाहरणार्थ, सुपा हे पुणे-नगर रस्त्यावरचे, एमआयडीसीचे गाव. तिथले सूत्र असे घेता येईल: दुसरी पाळी सुटली आहे आणि गावाकडची शेवटची एसटी निघून गेली आहे. पात्र एक, रात्र एक, वळणे चार. अट मात्र निवडीला भिडणारी हवी. ‘प्रत्येक परिच्छेदात पाऊस यावा’ ही अट फक्त सजावट करते. ‘मोबाइलमध्ये एकाच फोनपुरती बॅटरी उरली आहे’ ही अट प्रत्येक पर्यायाला किंमत लावते: फोन घरी करायचा, मुकादमाला, की गाडीवाल्या मित्राला? पुढे तिन्ही वाटा स्टँडवर परत आणल्या तरी चालते. फोन कोणाला झाला एवढे कथेने लक्षात ठेवले की एकाच परिच्छेदाचा अर्थ प्रत्येक वाचकासाठी बदलतो. या प्रकारातले खरे कसब इथेच आहे.

साधनांची अडचण नाही. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेले ट्वाइन हे संवादी कथा रचण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात देवनागरी चालते. ते नसेल तर क्रमांक घातलेल्या कागदी चिठ्ठ्याही पुरतात. सुप्याच्या शिक्षकांनी हे सूत्र एकदा नववीच्या वर्गात फळ्यावर लिहून पाहावे.