ऐवत्तेरडु

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून गदारोळ उठला, तेव्हा मीही त्यात होते. पुस्तकात बावन्नच्या जोडीला ‘पन्नास दोन’ असंही वाचन दिलं होतं. शिक्षकांच्या गटावर मी लिहिलं, ‘आपण शिकलोच ना बावन्न म्हणत? पोरांना किती लाडावून ठेवायचं?’ गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर काय सांगत आहेत, हे मी वाचलंही नव्हतं. मराठीच्या काळजीपोटी लिहिलं, असं तेव्हा वाटलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. इतकी वर्षं जे शिकवलं त्यात खोट निघाली तर?

माझी शाळा अक्कलकोट तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. माध्यम मराठी, पण बऱ्याच घरांत कन्नड. त्या वर्षी दुसरीतला एक मुलगा बावन्न म्हटलं की २५ लिहायचा, सदतीस म्हटलं की ७३. मी लाल फुल्या मारल्या. उजळणी दहादा लिहून आणायला लावली. त्याच्या वडिलांना सांगितलं, ‘याचं लक्षच नसतं.’ तेही त्याच्यादेखत.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी कडक भाकरी घ्यायला त्याच्या घरी गेले. आजी भाकरी करून विकते. तो जमिनीवर बसून भाकरी मोजत होता. दहा-दहाच्या पाच चवडी, बाजूला दोन सुट्या. एकेका चवडीवर तळवा ठेवत गेला, शेवटी सुट्यांवर दोन बोटं टेकवली आणि आजीला म्हणाला, ‘ऐवत्तेरडु.’ ऐवत्तु म्हणजे पन्नास, एरडु म्हणजे दोन.

मी म्हटलं, ‘लिही बरं.’ त्यानं खडूनं फरशीवर लिहिलं. आधी ५, मग २. जराही न अडखळता.

‘आता बावन्न लिही.’

तो थांबला. ओठ हलले, ‘बा...’ आणि हातानं २ काढला. मग ५. मग माझ्याकडे बघितलं आणि तळव्यानं घाईघाईनं पुसून टाकलं.

ते पुसणं मी विसरू शकलेले नाही. बावन्नमध्ये ‘बा’ आधी येतो, आणि बा म्हणजे दोन. ऐकलं त्याच क्रमानं तो लिहीत होता. माझ्या वर्गात सगळ्यांत कान देऊन ऐकणारा मुलगा तोच होता. लक्ष नव्हतं ते माझं. त्याच्याआधी किती वह्यांवर मी अशा फुल्या मारल्या असतील?

आता वर्गात काड्यांचे गठ्ठे असतात. पाच गठ्ठे, दोन सुट्या, पन्नास दोन. ते हातात बसलं की बावन्न. बाजारात, पाढ्यांत बावन्नच लागतं आणि मुलं ते शिकतात. मराठी कुठेही गेलेली नाही. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. गटावरचं माझं ते वाक्य मी काढलं नाही, पण त्याच गटावर ही भाकरीची गोष्ट लिहिली. उशीरच झाला होता.

एकोणचं कोडं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. एकोणसाठ या शब्दात पन्नासही नाही आणि नऊही नाही. परवा एका मुलीनं एकोणसाठ ऐकून ६९ लिहिलं. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘तुला काय ऐकू आलं?’

‘साठ, बाई,’ ती म्हणाली. ‘आणि एकोण आलं की शेवटी नऊ असतोच.’

मी गठ्ठे पुढे ओढले. सहा तिच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, ‘यातली एक काडी काढून दे मला.’